पान सांपडत नाहीं!

संगणकावर एखादें संकेतस्थळ उघडूं गेलें असतां पडद्यावर '404' हा आंकडा उमटलेला आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेंत, जेथें टिम बर्नर्स-ली यांनीं 1989 सालीं या विश्वव्यापी जाळ्याची कल्पना मांडली, तेथें म्हणे 404 क्रमांकाच्या खोलींत हरवलेलीं पानें शोधावीं लागत. ही निव्वळ दंतकथा होय. खरा अर्थ अगदीं साधा आहे. आरंभींचा 4 म्हणजे मागणाराच्या मागणींत दोष. सर्व्हरला स्वतःचा दोष सांगावयाचा असला म्हणजे तो 5 नें आरंभ होणारा आंकडा धाडतो. तेव्हां 404 आला याचा अर्थ सर्व्हर जिवंत आहे, त्यानें आपलें म्हणणें ऐकलें आहे आणि 'या पत्त्यावर मजजवळ कांहीं नाहीं' असें उत्तर दिलें आहे. म्हणजे तार तुटलेली नाहीं. पत्ता जुळत नाहीं.

जावा भाषेंतला कार्यक्रम एका सर्व्हरवर सुरळीत चालतो आणि दुसऱ्यावर नेतांच 404 दाखवितो, ही तक्रार घेऊन माझे जुने विद्यार्थी मजकडे येतात. मॅट्रिक झालेल्या मास्तराला ही विद्या कोठून, असें कोणी विचारील. निवृत्तीनंतर त्यांच्याच शेजारीं बसून मी ती शिकलों.

आपलें अकोला आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतलें अकोले हीं दोन निरनिराळीं गांवें. परंतु विभक्ति लागली कीं दोहोंचेंही 'अकोल्यास' होतें. जिल्ह्याचें नांव नसेल तर टपालवाल्यानें काय करावें? जावाच्या कार्यक्रमाच्या पत्त्यांतही असा जिल्हा असतो. सर्व्हरचें नांव आणि पानाचें नांव यांच्या मधोमध तो येतो. त्याला कॉन्टेक्स्ट पाथ म्हणतात. टॉमकॅट हा सर्व्हर तो गठ्ठ्याच्या, म्हणजे वॉर फाइलीच्या, नांवावरून ठरवितो. फाइलीचें नांव 'शाळा' असेल तर पत्त्यांत 'शाळा', आणि कोणीं उत्साहानें 'शाळा-2' असें केलें तर पत्त्यांतही 'शाळा-2'. वाइल्डफ्लाय किंवा वेबलॉजिक यांचे सर्व्हर मात्र आपापल्या खास फाइलींत लिहिलेलें नांव मानतात, आणि त्या फाइली टॉमकॅट वाचीतच नाहीं. एकच गठ्ठा दोन सर्व्हरांवर दोन नांवांनीं नांदतो, तो यामुळें. पहिलें पान उघडतें व त्यावरील दुवा दाबतांच 404 येतो, असें झालें तर लेखकानें दुव्यांत हें मधलें नांव गाळलें आहे किंवा जुनेंच कायमचें लिहून ठेवलें आहे असें समजावें. तें चालू मागणीकडूनच विचारून घ्यावें, हातानें लिहूं नये.

गेल्या उन्हाळ्यांत एका शाळेच्या प्रवेशअर्जाचें पान असेंच नाहींसें झालें. मुदतीचे दोन दिवस उरलेले. खेड्यांतल्या पालकांनीं प्रवेश बंद झाले असाच अर्थ घेतला, आणि एक गृहस्थ तर मुलीचें नांव दुसरीकडे घालावयास निघाले होते. ज्या विद्यार्थ्यानें तें काम केलें त्याच्या घरच्या विंडोजवर सारें ठीक, भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर मात्र 404. पाहतों तों फाइलीच्या नांवांत पहिलें रोमन अक्षर मोठें आणि दुव्यांत लहान. विंडोज सहसा हा भेद मानीत नाहीं. लिनक्सला तीं दोन वेगळीं नांवें. ऱ्हस्वदीर्घासाठीं मुलांच्या वह्या लाल करण्यांत माझें आयुष्य गेलें, त्यामुळें लिनक्सविषयीं मला विशेष आदर वाटला! अर्ज त्याच संध्याकाळीं सुरू झाले.

सगळींच पानें नाहींशीं असतील तर मात्र पत्ता तपासण्याच्या आधीं सर्व्हरची रोजनिशी वाचावी. आरंभींच कांहीं चूक घडून कार्यक्रम उभाच राहिला नसेल, तर टॉमकॅट त्याच्या प्रत्येक पत्त्यास 404 देतो. खरें कारण लॉगांत पडलेलें असतें. 'वेब-इन्फ' या कप्प्यांत ठेवलेलें पान थेट मागितलें तरी मिळत नाहीं. तो कप्पा मुद्दामच बंद ठेवलेला आहे.

राहिला सर्वांत फसवा प्रकार. मूर्तिजापूरला शकुंतलेचे रूळ अडीच फुटांचे आणि मुंबई-नागपूर मार्गाचे साडेपांच फुटांचे. डबा कितीही सुस्थितींत असला तरी एका रुळावरचा दुसऱ्यावर चालत नसे. डिसेंबर 2020 मध्यें जकार्ता ईई 9 आलें आणि जावाच्या या शाखेंतल्या नांवांचा 'जावाएक्स' हा आरंभ बदलून 'जकार्ता' झाला. टॉमकॅट 9 जुनें नांव ओळखतो, टॉमकॅट 10 नवें. जुन्या नांवाची खूण लावलेलें सर्व्हलेट 10 वर नेलें तर सर्व्हर कुरकुरही करीत नाहीं. त्याची नोंदच घेत नाहीं, आणि मग 404. अशा वेळीं नांवें बदलून कार्यक्रम पुन्हा बांधावा, किंवा टॉमकॅट 9 वरच ठेवावा. तिसरी वाट माल उतरवून दुसऱ्या गाडींत भरण्याची: टॉमकॅट 10 मध्यें 'वेबॲप्स-जावाईई' नांवाचा कप्पा करून त्यांत जुना गठ्ठा ठेवला कीं तो सर्व्हर स्वतःच नांवें बदलून घेतो.