एक चक्कर मारून बघू का?

परवा लेकीबरोबर मोटरसायकलच्या शोरूममध्ये गेलो होतो. गाडी तिला घ्यायची होती. पैसे तिचे, परवाना तिचा आणि चालवणारही तीच. माझे काम नुसते सोबत जाण्याचे. निवृत्त माणसाला अशी कामे आवडतात. काचेचे दार ढकलून आत शिरलो तर गारेगार हवा, चकचकीत फरशी आणि देवळातल्या मूर्तींसारख्या उजेडात उभ्या केलेल्या गाड्या. टाय लावलेला एक मुलगा लगबगीने पुढे आला आणि मला म्हणाला, "या काका, बसा. कुणासाठी बघताय? मुलासाठी?"

"हिच्यासाठी," मी म्हणालो.

त्याने एकदा लेकीकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. "मॅडमसाठी स्कूटर आहेत ना, त्या बाजूला."

लेकीने शांतपणे सांगितले की तिला साडेतीनशे सीसीची मोटरसायकल बघायची आहे. त्यानंतरची वीस मिनिटे मोठी मजेची गेली. प्रश्न ती विचारायची आणि उत्तरे मला मिळायची. मायलेज किती, सर्व्हिसिंग कधी, हप्ता किती, सगळे तो माझ्या तोंडाकडे बघून सांगत होता. शेवटी तिने विचारले, "एक चक्कर मारून बघू का?"

"टेस्ट राइड बुकिंगनंतर असते, काका," तो मला म्हणाला. "पाच हजार भरा, लगेच देतो."

"आणि गाडी पसंत पडली नाही तर?"

"नाही कशी पडेल, काका?"

एवढ्यात आमच्यामागून आलेल्या एका तरुणाच्या हातात चावी पडलीसुद्धा. तो बुकिंग न करताच आला होता. पायांत चांगले बूट होते, हातात महागडे हेल्मेट होते आणि मुख्य म्हणजे तो मुलगा होता. आम्ही उठलो. पायऱ्या उतरताना लेक म्हणाली, "बाबा, आई नारळसुद्धा कानाशी हलवून घेते."

तिचे म्हणणे मनात घर करून राहिले. आपण आंबा हुंगून घेतो, भेंडीचे टोक मोडून बघतो, साडीच्या दुकानात पंचवीस साड्या उलगडायला लावतो आणि दुकानदारही हसतमुखाने उलगडतो. पण ज्या यंत्रावर आपण रोज आपला जीव ठेवणार आणि मागच्या सीटवर बायको-पोरांना बसवणार, ते मात्र रंगीत कागदावरचे आकडे वाचून घ्यायचे!

ही सवय आजची नाही. आमच्या पिढीला ती लागली त्याला कारण होते. परवान्यांच्या काळात कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवत असे. बजाजची चेतक १९७२ साली आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची लुनाही आली. मागणी अफाट आणि माल थोडा, त्यामुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट बघणे हा मध्यमवर्गाचा रिवाज होऊन बसला. नंबर लागलेली कोरी गाडी दारात आणायची आणि तिथूनच वर पैसे घेऊन विकायची, असाही धंदा चाले.

माझ्या वडिलांनी १९७४ साली स्कूटरसाठी नाव नोंदवले तेव्हा मी शाळेत होतो. गाडी आली तेव्हा मी बँकेत चिकटलो होतो. वडील विक्रेत्याकडे गेले ते इस्त्रीचा सदरा घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन. म्हणजे पैसे यांचे आणि पेढेही यांचेच! रंग कोणता, असे त्यांनी भीतभीत विचारले. "आला तो घ्या, नाहीतर पुढचा नंबर बोलावतो," असे उत्तर मिळाले. ती गाडी सकाळी एका बाजूला कलती केल्याशिवाय सुरू होत नसे. वडिलांना त्याचे काही वाटले नाही. गाडी मिळाली हेच उपकार. नको म्हणण्याची सोयच नव्हती, त्यामुळे चालवून बघू का, हा प्रश्न विचारण्यातही अर्थ नव्हता.

पुढे काळ बदलला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्यांच्या सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. १९९१ नंतर तर दारे उघडलीच. रांगा संपल्या आणि दुकाने सजली. विक्रेता 'या, बसा' म्हणू लागला, पाणी विचारू लागला. पण एक गोष्ट बदलायला वेळ लागला. गिऱ्हाइकाला नको म्हणता येते, हे विक्रेत्याच्या मनाने मान्य केलेले नव्हते. आणि खरे सांगायचे तर आमच्याही नव्हते.

'आमच्याही' म्हणताना एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी इतकी वर्षे कुणाला सांगितलेली नाही.

१९९४ साली मी कराड तालुक्यातल्या एका शाखेत कर्ज विभागात होतो. गावातला एक दूधवाला मोटरसायकलसाठी कर्ज मागायला आला. सायकलला कॅन लावून तो दूध घालायचा. आमच्या घरचा रतीबही त्याचाच होता. कागदपत्रे चोख होती, कर्ज मंजूर झाले. रीत अशी की विक्रेत्याचे कोटेशन घ्यायचे, कर्जदाराने आपला हिस्सा भरायचा आणि बँकेने विक्रेत्याच्या नावाने पे ऑर्डर काढायची. पैसा कर्जदाराच्या हाती पडतच नाही. पे ऑर्डर काढायच्या दिवशी तो टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, आधी एकदा दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लावून आमच्या वाडीचा चढ चढवून बघू द्या की. वढली तर घेतो."

किती साधे मागणे होते! आज वाटते, मोटरसायकल कशी पारखावी हे त्याच्याइतके नेमके फार थोड्यांना कळत असेल. पण तो मार्चचा शेवटचा आठवडा होता. मार्चअखेर म्हणजे बँकवाल्याच्या डोक्यावरचा वरवंटा. वाहनकर्जाचे उद्दिष्ट दोन खात्यांनी कमी पडत होते. मी मान वर न करता म्हणालो, "असं काही नियमात बसत नाही. विक्रेता चांगला आहे. सही करा."

त्याने सही केली.

गाडी चढ चढेना. दोन महिन्यांत क्लचप्लेट जळाल्या. विक्रेता म्हणाला, वजन जास्त घातलेत. तो माझ्याकडे आला. मी म्हणालो, "गाडीशी बँकेचा काय संबंध?" नियमाने ते बरोबरच होते. त्याने एकही हप्ता चुकवला नाही. गाडी गोठ्याशेजारी गोणपाटाखाली उभी राहिली आणि दूध पुन्हा सायकलवरून येऊ लागले. रोज सकाळी साडेसहाला माझ्याच दारात त्याची घंटी वाजायची. त्याने कधी एक शब्द काढला नाही. बदली होईपर्यंत मी दूध घ्यायला बायकोलाच पाठवत राहिलो.

म्हणून शोरूममधल्या त्या टायवाल्या मुलावर मला फार वेळ रागावता आले नाही. त्या दिवशी शेजारच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो, तिथे तोही आला. टाय सैल केलेला होता. मी विचारले, "काय रे, चक्कर मारू द्यायला काय हरकत होती?" तो ओशाळला. "काका, डेमोच्या गाडीला ओरखडा आला तर पगारातून कापतात. मागच्या महिन्यात एकाने पाडली. मॅडमनी पाडली असती तर मालक म्हणाले असते, दिलीसच कशाला?" महिन्याचे उद्दिष्ट त्यालाही होते आणि ते अजून चार गाड्यांनी कमी होते. मला माझा मार्च आठवला. वरचा माणूस भीती घालतो, खालचा माणूस ती गिऱ्हाइकावर उतरवतो. काउंटर बँकेचा असो की शोरूमचा, रीत तीच.

म्हणजे चूक त्याची नव्हती असे नाही. लेकीकडे न बघता माझ्याशी बोल, असे कुठल्याही मालकाने सांगितलेले नव्हते. ते त्याने घरातून आणले होते. आणि सरळ बोलायचे तर मीही वीस मिनिटे मुकाट्याने त्याची उत्तरे ऐकत बसलो होतो. 'तिला सांग' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. जुने, जरा कळकट, पण मालक स्वतः गल्ल्यावर होते. त्यांनी लेकीचा परवाना पाहिला, चाचणीच्या गाडीचा विमा असल्याचे सांगितले, हेल्मेट घालायला लावले, एका कागदावर सही घेतली आणि चावी तिच्या हातात ठेवली. "पुलापर्यंत जा, तिथून वळून या. वळताना घाई करू नका, दोनशे किलोच्या आसपास वजन आहे." मागे माणूस बसवला नाही. मला म्हणाले, "काका, तुम्ही चहा घ्या."

लेक पंचवीस मिनिटांनी आली. हेल्मेट काढून म्हणाली, "सरळ रस्त्यावर फार छान आहे. पण पुलाजवळ यू टर्न घेताना एक पाय नीट टेकेना. भीती वाटली. नको."

मी मालकांच्या तोंडाकडे पाहिले. ते म्हणाले, "बरं झालं इथेच कळलं. घेतल्यावर कळलं असतं तर मला वर्षभर शिव्या दिल्या असत्यात." मग त्यांनी तिला एक हलकी, बुटक्या सीटची गाडी दाखवली. तिचीही चक्कर झाली. या वेळी तिने मला मागे बसवले. गतिरोधकावर माझी कंबर काय म्हणते ते विचारले. कंबर काही म्हणाली नाही. तीच गाडी घरी आली.

चक्कर मारायची ती कशासाठी, हे त्या दिवशी मला नीट कळले. गाडी पसंत करण्यासाठी नव्हे. पसंत तर ती चित्रातच पडलेली असते. चक्कर मारायची ती 'नको' म्हणता यावे म्हणून. वडिलांकडे 'नको' नव्हते, कारण माल नव्हता. दूधवाल्याकडे 'नको' नव्हते, कारण त्याचे पैसे मी परस्पर देऊन टाकले.

म्हणून कर्ज काढून गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला या जुन्या बँकवाल्याचे सांगणे एकच आहे. बँकेचा पैसा विक्रेत्याकडे जाण्याआधी चक्कर मारा. आणि ती दुकानाच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंतची नको. इंजिन गार असताना गाडी स्वतः सुरू करून बघा. तुम्ही येण्याआधीच कुणी ती तापवून ठेवली असेल तर थोडे थांबा. सिग्नलला उभे राहून न्यूट्रल सापडतो का, गर्दीत पायाला इंजिनाची धग लागते का, अगदी हळू वळवताना तोल राहतो का, ते बघा. खड्ड्यांचा रस्ता मुद्दाम निवडा. आपल्याकडे तो शोधावा लागत नाही. आणि मागे रोज जो बसणार त्याला बरोबर न्या. आई साडी नेसून एका बाजूला बसणार असेल, तर पाय ठेवायची पट्टी आणि साडीगार्ड तिनेच बसून बघायचे. मागे बसणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि पडल्यावर पहिले लागते ते त्यालाच.

चक्कर मारू दिलीच पाहिजे असा काही कायदा नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाच्या हक्कांत निवडीचा हक्क मोजला आहे आणि न चालवता केलेल्या निवडीला निवड कसे म्हणावे? या कायद्याआधीचा कायदा १९८६ चा. त्याच्याही आधी, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा दुकानदाराला प्रश्न विचारणे हाच उद्धटपणा समजला जाई. त्या माणसांनी मिळवून दिलेले आपण वापरत नाही, एवढेच. विमा अमुकच कंपनीचा घ्या, अशी सक्ती विक्रेत्याला करता येत नाही. नव्या दुचाकीबरोबर हेल्मेट देण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. बिलात 'हँडलिंग' वगैरे काही दिसले तर ते कशाचे, ते विचारून पावती मागावी. गाडी ताब्यात घेताना चासी आणि इंजिनचा नंबर कागदांशी ताडून पाहावा. हार-नारळ त्यानंतर. आणि कुठे अडलेच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा आयोगात तक्रारही आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

लेकीची गाडी आली त्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, आता तुम्ही एक चक्कर मारून या." मी बऱ्याच वर्षांनी हँडल हातात घेतले. गल्लीच्या टोकाला थोडा चढ आहे. तिथे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सहज वर गेली. वर पोचल्यावर मी जरा वेळ थांबलो. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन असते तर ती चढली असती का, हे काही मला कळायला मार्ग नव्हता. ते ज्याला कळले असते, त्याला मी बघू दिले नव्हते.