हापूसची नवी पेठ

औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाचे एक लहानसे पत्र निघू लागले, तेव्हा मराठी नियतकालिकांच्या इतिहासात त्याला काही स्थान मिळेल अशी कल्पना त्याच्या चालकांना असण्याचे कारण नव्हते. कारखान्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी आणि त्यांच्याशी संबंध टिकावा, एवढाच त्याचा मर्यादित हेतू होता. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते अशी समजूत ज्या काळी शेतकऱ्यांत रूढ होती आणि त्या समजुतीपायी कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपले पहिले काही नांगर खपविण्यासाठी दोन वर्षे खर्ची घालावी लागली होती, त्या काळाचा अनुभव गाठीशी असल्यामुळे, मालाची नुसती तारीफ करून भागत नाही, गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडेल असे काही त्याला वाचावयासही दिले पाहिजे, हे पत्राचे संपादक शंकरराव किर्लोस्करांनी अचूक ओळखले. कारखान्याच्या त्या पत्रातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक उभे राहिले. आज ज्या व्यवसायाला 'कंटेंट मार्केटिंग' असे भारदस्त नाव देऊन त्याचे वर्ग चालविले जातात, तो आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी असा बिनबोभाट चालू होता.

अर्थात छापखाना, कागद आणि टपालहशील यांचा खर्च सोसण्याची ऐपत ज्याला होती, त्यालाच तेव्हा हा उद्योग साधला. आज शंभर कलमांच्या बागाईतदारालाही स्वतःचे संकेतस्थळ परवडते, आणि म्हणूनच त्याच्या दारी सल्लागारांची रीघ लागलेली असते. या सल्लागारांच्या उपदेशाचा प्रारंभ बहुधा जाहिरातीपासून होतो, कारण जाहिरातीच्या खर्चात त्यांची दस्तुरीही अंतर्भूत असते. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. लहान व्यापाऱ्याने प्रथम स्वतःच्या मालकीची जागा आणि त्या जागी आपली खरी, सविस्तर नोंद यांची तजवीज करावी, आणि ती झाल्यावर गाठीस काही उरलेच तर जाहिरातीचा विचार करावा.

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून कोकणच्या हापूस आंब्याकडे पाहू. नव्या पेठेचे बहुतेक सारे प्रश्न त्या एका फळात एकवटले आहेत. झेल्याने उतरविलेला आंबा प्रतवार लागून पेटीत भरावा, ट्रकने रातोरात वाशीच्या बाजारात पोचावा, तेथे खरीददार आणि अडत्या यांनी रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून दर ठरवावा, आणि त्या दरातून अडत, हमाली, तोलाई व वाहतूक वजा जाता उरलेल्या रकमेची पट्टी यथावकाश बागाईतदाराच्या हाती पडावी, अशी ही जुनी वहिवाट. तिच्यात बागाईतदाराची पिळवणूक होते हे खरे असले, तरी अडत्याला सरसकट खलनायक ठरविणेही न्यायाचे नाही. हंगामाआधी खत-फवारणीसाठी उचल तोच देत असे, आणि बुडीत गिऱ्हाइकाची जोखीमही पुष्कळदा तोच पत्करीत असे. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि थेट विक्रीची कायदेशीर वाट मोकळी झाली. परंतु त्या वाटेवर वर्दळ सुरू झाली ती २०२०च्या टाळेबंदीत, जेव्हा ऐन हंगामात बाजार ठप्प झाले आणि मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांतील व्हॉट्सॲप समूहांवर आंब्याच्या मागण्या नोंदविल्या जाऊ लागल्या.

या थेट विक्रीत अडत्याची दलाली वाचते, पण त्याने उचललेली जोखीमही आपसूक बागाईतदाराच्या माथी येते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. पुण्यातल्या ज्या गृहिणीने बाग पाहिलेली नाही आणि बागाईतदाराचा चेहराही पाहिलेला नाही, तिने नाशिवंत फळासाठी आगाऊ पैसे पाठवावेत अशी आपली अपेक्षा असते. आणि तिने तर कर्नाटकातून आलेला आंबा 'देवगड' म्हणून विकला जात असल्याच्या बातम्या दरवर्षी वाचलेल्या असतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नावाला कायद्याचे संरक्षण लाभले खरे. तथापि कायदा पेटीत डोकावून पाहत नाही. म्हणूनच देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामात फळाफळावर स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाची मोहर चिकटविण्याचा खटाटोप आरंभिला, जेणेकरून गिऱ्हाइकाला फळाचे मूळ घरबसल्या पडताळता यावे. नव्या पेठेत विक्रेत्याला आधी आपल्या अस्तित्वाचा आणि मग मालाच्या अस्सलपणाचा पुरावा द्यावा लागतो. संकेतस्थळाचे मुख्य प्रयोजन हेच. त्याच्या शोभेला आमच्या लेखी गौण महत्त्व आहे.

आता हा पुरावा गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडतो कसा, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आपण प्रश्न टाकताच गूगलसारखे शोधयंत्र जगभर धावत सुटते अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते अहोरात्र पाने वाचून त्यांतील शब्दांची सूची आधीच तयार करून ठेवीत असते, आणि प्रश्न आला की त्या सूचीतून उत्तरे निवडून, इतर पानांनी कोणत्या पानाचा किती हवाला दिला आहे यासारख्या अनेक गमकांवरून त्यांचा क्रम लावते. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, एप्रिलमध्ये विकावयाच्या आंब्याचे पान एप्रिलमध्ये लिहून उपयोग नाही. झाडाला मोहोर धरतो त्या सुमारास ते लिहिले गेले, तर हंगामापर्यंत त्याची दखल घेतली जाण्यास अवधी मिळतो. दुसरी गोष्ट आमच्या मराठी व्यापाऱ्यांच्या विशेष लक्षात आणून दिली पाहिजे. दरपत्रक, पत्ता आणि मालाचे वर्णन हा सारा मजकूर फ्लेक्सच्या दुकानातून एका रंगीत चित्रात करून घ्यावा आणि तेच चित्र सर्वत्र चिकटवावे, अशी आपल्याकडे सार्वत्रिक चाल आहे. त्या चित्रात आंबे असतात, सूर्य असतो, बहुधा समुद्रही असतो, आणि मजकूर कोपऱ्यात कोठेतरी गुदमरलेला असतो. चित्रातली अक्षरे शोधयंत्र वाचीलच, अशी खात्री बाळगता येत नाही. युनिकोड नागरीत टंकलेला साधा परिच्छेद मात्र ते निश्चित वाचते. 'देवगड हापूस ५ डझन पेटी पुणे घरपोच' असे जर गिऱ्हाईक टंकित असेल किंवा दूरध्वनीपुढे तोंडाने बोलत असेल, तर ते शब्द त्याच साधेपणाने पानावर असले पाहिजेत.

ज्याचे दुकान वा गोदाम प्रत्यक्ष रस्त्यावर आहे, त्याने नकाशावरील नोंदीकडेही तितकेच लक्ष द्यावे. गूगलवरील ही नोंद विनामूल्य असते. जवळपासच्या दुकानांचा क्रम सुसंगती, अंतर आणि ख्याती या तीन कसोट्यांवर लागतो, असे त्या कंपनीनेच जाहीर केले आहे. अंतर आपल्या हाती नाही. परंतु व्यवसायाचा प्रकार अचूक नोंदविणे, वेळा खऱ्या ठेवणे, पाटीवर एक नाव आणि नकाशावर दुसरे असा घोळ न करणे, हे कोणत्याही शिक्षित माणसाला एका दुपारी उरकता येईल. ख्यातीसाठी मात्र काही जण भाडोत्री अभिप्राय लिहवून घेतात. पंचतारांकित स्तुतीचे एकाच धाटणीचे वीस अभिप्राय एकाच आठवड्यात आलेले पाहून चाणाक्ष गिऱ्हाईक काय ते समजते. शिवाय अशा अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली स्वतंत्र मानकही प्रसिद्ध केले आहे.

जाहिरातीविषयी थोडक्यात सांगतो. गूगलने २००२ साली सुरू केलेल्या पद्धतीत प्रत्येक शोधाच्या क्षणी जाहिरातदारांचा एक लिलाव होतो, आणि जाहिरातीवर कोणी टिचकी मारली की बोलीच्या अनुरोधाने पैसे वसूल होतात. समजा, एका टिचकीस दहा रुपये पडतात आणि पन्नास टिचक्यांमागे एक पेटी खपते. म्हणजे पेटीमागे पाचशे रुपये जाहिरातीतच गेले, आणि नफा जर पेटीला चारशेच सुटत असेल, तर जितकी विक्री अधिक तितका तोटा अधिक. शिवाय 'हापूस' हा शब्द शोधणाऱ्यांत आमरसाची कृती शोधणारे असतात, कलमे शोधणारे असतात, आणि जेथे आपली पेटी पोचणेच अशक्य अशा गावचे रहिवासीही असतात. या सर्वांना वगळण्याची सोय जाहिरातीच्या व्यवस्थेत आहे. तिचा उपयोग न करता खर्चाची मर्यादा तेवढी वाढवीत राहणे हा शुद्ध अव्यवहार होय.

आता मालकीच्या प्रश्नाकडे वळू. आमच्या दृष्टीने हा या विषयाचा गाभा आहे. इन्स्टाग्राम, फेसबुक किंवा यूट्यूब यांवर उभारलेले दुकान म्हणजे परक्याच्या जमिनीवर केलेली शेती. येथे फरक एवढाच, की कुळाला निदान कूळकायद्याचा आधार असतो, या कुळाला तोही नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली, तेव्हा त्या बंदीचे राजकीय समर्थन कोणी कसेही करो, ज्या लहान विक्रेत्यांनी आपला सारा गिऱ्हाइकवर्ग तेथेच जमविला होता, त्यांचा तो वर्ग एका रात्रीत दिसेनासा झाला. त्यात विक्रेत्यांचा काही अपराध नव्हता. गूगलने आपल्या व्यवसाय-नोंदीसोबत लहान व्यापाऱ्यांना फुकट संकेतस्थळे बनवून देण्याची सोय केली होती. ती मार्च २०२४ मध्ये कंपनीनेच बंद केली. अशा ठिकाणी जाऊच नये असे आमचे म्हणणे नाही, कारण गर्दी तेथेच असते आणि व्यापाऱ्याने गर्दीकडे पाठ फिरवून चालत नाही. परंतु तेथे भेटलेल्या गिऱ्हाइकाला आपल्या स्वतःच्या दारापर्यंत आणावे, त्याच्या संमतीने त्याचा क्रमांक आपल्या वहीत नोंदवावा आणि ती वही आपल्या ताब्यात ठेवावी. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यामुळे या संमतीला आता शिष्टाचारापलीकडचे महत्त्व आले आहे.

व्हॉट्सॲपबद्दल एक बारकावा सांगण्याजोगा आहे. २०१८ साली निघालेल्या त्याच्या व्यावसायिक आवृत्तीत मालाची यादी, तयार उत्तरे अशा सोयी आहेत, आणि अनेक बागाईतदारांचा सारा व्यवहार तेवढ्यावर चालतो. मात्र प्रसारण यादीतून पाठविलेला संदेश ज्याने आपला क्रमांक जतन करून ठेवला आहे त्यालाच मिळतो. इतरांना तो पोचतच नाही, आणि विक्रेता मात्र लोकांची रुची कमी झाली म्हणून खंत करीत बसतो. पहिली पेटी पाठवितानाच आतल्या चिठ्ठीवर क्रमांक जतन करण्याची विनंती छापली, तर पुढल्या हंगामाचे निम्मे काम तेथेच होते.

स्वतःच्या दाराची किंमतही आता भय वाटावे अशी राहिलेली नाही. '.इन' या अक्षरांनी संपणारी नावे २००५पासून सर्वांना खुली आहेत आणि २०१४पासून '.भारत' हे नागरी रूपही मिळते. साध्या नावाचे वार्षिक शुल्क एका पेटीच्या किमतीच्या आतबाहेर असते. खरी गोम वेगळीच आहे. हे नाव पुष्कळदा संकेतस्थळ बनविणाऱ्या कारागिराच्या किंवा हौशी भाच्याच्या नावे नोंदले जाते, संकेतशब्दही त्याच्याचकडे राहतो, आणि पुढे तो परगावी गेला किंवा बेबनाव झाला म्हणजे आपल्याच नावासाठी त्याच्या विनवण्या कराव्या लागतात. सातबारा दुसऱ्याच्या नावे ठेवून घर बांधण्याचा अविचार जो कोकणी माणूस स्वप्नातही करणार नाही, तोच येथे निर्धास्त असतो. नोंदणी, विपत्र आणि नूतनीकरणाची तारीख ही तिन्ही मालकाच्याच दप्तरी असली पाहिजेत.

उरता उरला पानावरच्या मजकुराचा प्रश्न. सुंदर शब्दांची त्यासाठी गरज नाही. फळ अढीत किती दिवस ठेवावे, ते शीतकपाटात का ठेवू नये, पेटीतले फळ किती वजनाचे असेल, असल्या प्रश्नांची सरळ उत्तरे हवीत. सर्वांत अवघड प्रश्न साक्याचा. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसचा गर आत पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो, आणि फळ कापल्यावाचून ते विक्रेत्यालाही ओळखता येत नाही. पुष्कळ विक्रेते या दोषाविषयी मौन पाळतात आणि तक्रार आली की निसर्गाकडे बोट दाखवितात. ई-वाणिज्याविषयीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, हे त्यांना ठाऊक नसते. याउलट, साका म्हणजे काय हे सचित्र समजावून, कापलेल्या फळाचे छायाचित्र अमुक दिवसांत पाठविल्यास भरपाई मिळेल असे जो आधीच लिहून ठेवतो, त्याच्याशी गिऱ्हाइकाचा वाद सुरूच होत नाही, आणि 'हापूसमध्ये पांढरा भाग का असतो' असे शोधणारा परका मनुष्यही त्याच पानावर येऊन पोचतो. पावसाला सुरुवात होऊन बाग मोकळी झाली, की हंगामातले संदेश काढून बसावे. जे उत्तर दूरध्वनीवर पुन्हापुन्हा द्यावे लागले ते तेव्हाच पानावर लिहून टाकावे, कारण पुढे फवारणीचे दिवस सुरू झाले म्हणजे बागाईतदाराला टंकलेखनाची फुरसत मिळत नाही.