मकतबमध्ये यंत्रमानव?

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर मोहल्ल्यामोहल्ल्यांत मकतब आहेत. पण त्यांत स्वमग्न किंवा गतिमंद मूल बसलेले किती वेळा दिसते? ‘त्याला काय कळणार?’ म्हणून घरचेच त्याला पाठवत नाहीत.

इराणमधील वरामीन येथे २०१४ साली एका शिक्षकाने मुलांना नमाज करून दाखवणारा छोटा यंत्रमानव तयार केला. ५८ सेंटिमीटर उंचीचा ‘नाओ’ स्वमग्न मुलांना शिकवण्यासाठी अनेक देशांत वापरला गेला आहे. त्याचा गुण एवढाच, की तीच कृती तो त्याच आवाजात, न चिडता, हवी तितक्यांदा करून दाखवतो.

अशा यंत्राची किंमत लाखांत जाते. पण त्याची रीत फुकट घेता येते. वजूच्या क्रमाची चित्रे नळाजवळ लावा. एका वेळी एकच पायरी शिकवा. मोबाइलवर एकच आयत त्याच कारीच्या आवाजात रोज ऐकवा. अंध मुलांसाठी ब्रेल कुरआनही आहे.

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. आपल्याला तर सूरह अबसनेच अंध सहाबींकडे दुर्लक्ष न करण्याची ताकीद दिली आहे. तेच हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) मदीनेत अजान देत. तेव्हा रमजानची वाट न पाहता आपल्या मुलाबद्दल उस्तादांशी बोला.