दाभोळ ते त्वेर : रशियन का शिकावी?
रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला रशियन शिकण्याचे कारण मुंबई विद्यापीठाच्या रशियन विभागापर्यंत पोहोचण्याआधी स्वतःच्या जिल्ह्यातच सापडते. रशियातील त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बहमनी राज्य पालथे घालून दाभोळहून होर्मुझकडे निघाला. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या त्याच्या वृत्तांतात दाभोळ हे घोड्यांच्या आयातीचे मोठे बंदर आहे. विकायला आणलेला स्वतःचा घोडा जुन्नरला काही काळ गमावून बसलेल्या माणसाची ही साक्ष असल्याने तिला वजन आहे.

इंग्रजी भाषांतर १८५७ मध्येच छापले गेले, मग हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. घटनाक्रमापुरते ते पुरतेही. पण निकितिन काळ मोजतो तो ईस्टर आणि उपवासांवरून. वाटेत पुस्तके लुटली गेल्याने त्याचा तोही हिशेब ढळला, आणि त्याच्या प्रवासाच्या सालांवर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. ऑर्थोडॉक्स पंचांग व धर्माचार ठाऊक नसतील तर या वादात आपल्याला तोंडही उघडता येत नाही; रशियनच्या अभ्यासक्रमातली ‘संस्कृती’ शोभेची नसते ती अशी. अर्थात आजची रशियन शिकून पंधराव्या शतकातली लगेच वाचता येते, असे नाही. जुन्या रशियनसाठी वेगळी मेहनत लागते. नोकरीचे म्हणाल तर दुभाषाचे आणि पर्यटनाचे काम असते, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. मात्र पोर्तुगीज येण्यापूर्वीच्या कोकणातील बंदरांचा इतिहास लिहिताना फारसी साधनांशेजारी हे साधन मुळातून वाचणारे कोणीतरी इथलेच हवे.