'प्रकृती' आणि 'प्रवृत्ती' : एक अर्थविचार

भिवंडी तालुक्यातील दिघाशीत विचारा किंवा पुण्यात विचारा, 'प्रकृती कशी आहे?' या प्रश्नाचे उत्तर आरोग्याविषयीच मिळते. वस्तुतः 'प्रकृती' म्हणजे मूळची घडण. सांख्यदर्शनात ती त्रिगुणात्मक मूलतत्त्व होय. व्याकरणात प्रत्यय लागण्यापूर्वीचे शब्दाचे मूळ रूप होय. मनाच्या उपजत कलाचा वाचक असलेला हा शब्द मराठीत शरीरापुरता का उरला?

याचे एक कारण वैद्यकात आढळते. वात, पित्त व कफ यांच्या जन्मजात प्रमाणास आयुर्वेद 'प्रकृती' म्हणतो. वैद्याच्या तोंडचा हा शब्द लोकव्यवहारात शिरला आणि घडणीचा वाचक असलेला शब्द त्या घडणीच्या सुस्थितीचा वाचक झाला. लक्षणीय गोष्ट अशी की 'तब्येत' या अरबी मुळाच्या शब्दाचीही वाटचाल अशीच झाली. 'तबीअत' म्हणजे निसर्गदत्त स्वभाव. मराठीत मात्र तब्येत बिघडते ती शरीराची. जुना अर्थ 'व्यक्ती तितक्या प्रकृती' या म्हणीत तेवढा टिकून आहे. एरवी मनाचा प्रांत 'स्वभावा'कडे गेला. म्हणूनच 'स्वभावाला औषध नाही' असे आपण म्हणतो; प्रकृतीला औषध असतेच.

ग्रंथव्यवहारात ही रिकामी जागा 'प्रवृत्ती' या शब्दाने भरून काढण्याचा प्रघात आहे. येथे सावधगिरी हवी. 'प्रकृती'चा प्रतियोगी 'विकृती', तर 'प्रवृत्ती'चा 'निवृत्ती'. पहिली जोडी घडणीची आहे, दुसरी वळण्याची. एखाद्यास आपण 'प्रवृत्त करतो'. 'प्रकृत करणे' असा प्रयोग मात्र भाषेत नाही. प्रवृत्ती बाहेरून निर्माण करता येते व मागेही घेता येते. मानसशास्त्राला 'सहजप्रवृत्ती' अशी जोडसंज्ञा योजावी लागली, याचाही अर्थ हाच की नुसत्या 'प्रवृत्ती'त उपजतपणा अभिप्रेत नाही.

हा भेद केवळ कोशकाराच्या सोयीचा नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींच्या संबंध समूहालाच जन्मतः गुन्हेगार ठरविले. १९११ च्या कायद्यान्वये ती तरतूद मुंबई इलाख्यातही आली. परिस्थितीने लावलेले किंवा नुसते आरोपिलेले वळण तेथे घडण मानले गेले, प्रवृत्तीस प्रकृती ठरविण्यात आले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला व त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. तथापि 'अमुक समाजाची प्रवृत्तीच तशी' हे वाक्य अद्याप कानी पडते. त्यातील 'च' हे अव्यय प्रवृत्तीला पुन्हा प्रकृतीच्या आसनावर बसविते. प्रबंधलेखनात हा शब्द योजताना, आपण वळणाविषयी बोलत आहोत की घडणीविषयी, हे अभ्यासकाने आधी निश्चित करावे.