पावडरीचा भाव आणि आमचा गोठा

मागच्या सेमला मेसच्या टेबलावर एक वाद झाला. विषय निघाला पनीरवरून. (आमच्या मेसच्या भाजीत पनीर शोधणं हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.) माझा रूमपार्टनर मुंबईचा. तो म्हणाला, "न्यूझीलंडचं बटर, चीज म्हणे इतकं स्वस्त पडतं. सरकार येऊ का देत नाही? मोबाईलचे पार्ट येतात, खायचं तेल येतं, मग दुधालाच एवढं कुंपण कशाला?"

माझ्या घरी सात एचएफ गाई आहेत. माझी फी दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातून भरली जाते. तरीही त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही, आणि हे मनाला लागलं. नंतर लायब्ररीत बसून जे वाचलं, ते इथे मांडतोय.

मित्रांनो, आधी एक गोष्ट लक्षात घ्या. परदेशातून दूध येत नाही. दुधात ८७ टक्के पाणी असतं, ते जहाजात भरून कोण आणणार? येते ती पावडर आणि बटर. साय काढलेलं दूध आधी आटवतात, मग स्प्रे ड्रायरमध्ये गरम हवेत फवारतात. पाणी उडून जातं आणि खाली पावडर पडते. १०० लिटर गाईच्या दुधाची (३.५ फॅट, ८.५ एसएनएफ) साधारण ९ किलो पावडर आणि ४ किलो बटर होतं. म्हणजे एक किलो पावडरीला ११ लिटर दूध. आता गणित उलटं करा. पावडर किलोमागे ५० रुपयांनी उतरली, तर लिटरमागे साडेचार रुपये गेले. सरकी पेंड, मुरघास, डॉक्टर हे सगळं वजा जाता चांगल्या दिवसांत आमच्या हातात लिटरमागे राहतात तेच चार-पाच रुपये.

इथे रूमपार्टनरने (तो फायनान्सचं इलेक्टिव्ह घेतलेला, गप्प बसणार थोडाच!) बरोबर शंका काढली. २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे २४ कोटी टन दूध झालं. न्यूझीलंडचं सगळं मिळून दोन कोटी टनांच्या आसपास. हत्तीने मुंगीला का घाबरावं?

कारण दर हत्तीच्या वजनावर ठरत नाही. आपलं बरंचसं दूध घरात आणि गावातच संपतं, पुढचं पिशवीतून शहरात जातं. पावडर होते ती त्यातूनही उरलेल्या दुधाची. पण संकलन केंद्रावरचा दर ठरतो या शिलकीवर. डेअरीवाला बघतो की शेवटचा जादा लिटर मी पावडरला पाठवला तर मला काय सुटेल? तेवढाच भाव सगळ्यांना. न्यूझीलंडचं उलटं आहे. लोकसंख्या ५० लाखांच्या थोडी वर, आणि तिथल्या दुधाच्या मालापैकी सुमारे ९५ टक्के निर्यात होतो. मुंगी नेमकी हत्तीच्या सोंडेत शिरते.

म्हणून ड्युटी. पावडरवर ६० टक्के, बटरवर ४०, चीजवर ३०. पण पावडरची ही भिंत जुनी नाही. गॅटच्या जुन्या करारात भारताने दूध पावडरवर शून्य ड्युटी कबूल केली होती. तेव्हा आयातीवर लायसन्सचं बंधन होतं, त्यामुळे शून्याने काही बिघडत नव्हतं. १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली, लायसन्सची बंधनं सुटत गेली, आणि मग दाराला कडीच नाही हे ध्यानात आलं. पुन्हा वाटाघाटी करून २००० साली ६० टक्के मिळवले. तेही फुकटात नाही, दर वर्षी १०,००० टनांची खिडकी १५ टक्क्यांवर उघडी ठेवून. खायच्या तेलाचं दार मात्र सैल सोडलं गेलं, आणि आज आपल्या गरजेतलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. रूमपार्टनरला तेलाचं उत्तर मिळालं असावं.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत आरसेपमधून बाहेर पडला. त्यात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया होते. (चीनच्या मालाची भीती हेही मोठं कारण होतं, सगळं श्रेय गाईंना नको.) ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये, स्वित्झर्लंड असलेल्या एफ्टा गटाशी २०२४ मध्ये आणि ब्रिटनशी २०२५ मध्ये करार झाले, त्यात दूधधंदा बाहेर ठेवला. डिसेंबर २०२५ मध्ये खुद्द न्यूझीलंडशी वाटाघाटी पूर्ण झाल्या, तरी त्यांचं मुख्य दुग्धउत्पादन बाहेरच राहिलं.

मग आम्ही सुखात असायला हवं ना? इथे माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं. जुलै २०१८ मध्ये मी सातवीत होतो. आमच्या केंद्रावर दर १७ रुपयांवर आला होता आणि महाराष्ट्रात दूध रस्त्यावर ओतलं जात होतं. आमच्याही दोन किटल्या त्यात गेल्या. आईने त्या ओतू दिल्या, पण ती घरातून बाहेर आली नाही. त्या वर्षी तर ६० टक्क्यांची भिंत शाबूत होती!

उत्तर सापडलं ते असं. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपच्या दुधाच्या मालावर बंदी घातली. एप्रिल २०१५ पासून युरोपने स्वतःचा दूध-कोटा रद्द केला, उत्पादन वाढलं, आणि तिथल्या सरकारी गोदामांत साडेतीन लाख टनांहून जास्त पावडर साचली. जगातला पावडरीचा भाव २०१३-१४ च्या निम्म्याखाली गेला. आपली पावडर त्याआधी चांगली बाहेर जात होती, ती अडकली. बाहेर जाणारं बंद, आत उत्पादन चालू. डिप्लोमावाल्यालाही समजेल, टाकीची लेव्हल चढणारच. भिंत बाहेरची पावडर अडवते, बाहेरचा भाव नाही अडवत.

कॅनडाने हे कोडं पूर्ण सोडवलंय. १९७० च्या दशकापासून तिथे शेतकऱ्याने किती बटरफॅट घालायचं याचा कोटा असतो, दर उत्पादनखर्चावरून ठरतो आणि कोट्याबाहेरच्या आयातीवर बटरला २९८ टक्के ड्युटी. म्हणजे टाकीचे सगळेच व्हॉल्व्ह हातात. करारांनी ही ड्युटी उतरवली नाही. त्यांनी कमी ड्युटीची खिडकी मोठी करत नेली. २०१७ मध्ये युरोपला १७,७०० टन चीज. २०१८ अखेर पॅसिफिकच्या करारात बाजाराचा ३.२५ टक्के. २०२० मध्ये अमेरिका-मेक्सिकोच्या करारात आणखी सुमारे ३.६ टक्के, वर पावडरच्या निर्यातीवर मर्यादा. एकूण गरज ठरलेली असल्याने जेवढं बाहेरून येईल तेवढं तिथल्या शेतकऱ्याचं घटतं. पहिल्या दोन करारांपोटी २०१९ मध्ये सरकारने १७५ कोटी डॉलर भरपाई जाहीर केली, आणि जून २०२५ मध्ये पुढच्या करारांत दुधाला हात लावायचा नाही असा कायदाच केला. तिथल्या गिऱ्हाइकाला दूध महाग पडतं, हे रूमपार्टनरचं म्हणणं मात्र मी खोडू शकत नाही.

दिवाळीत गोठ्यात हे सगळं मी आबांना सांगितलं. ते धार काढता काढता ऐकत होते. कोट्याची गोष्ट त्यांना भारी आवडली. म्हणाले, "मग तो कोटा मिळतो कसा?"

"विकत घ्यावा लागतो. ओंटारियो प्रांतात रोजच्या एक किलो फॅटला २४,००० डॉलर. साधारण एका गाईपुरता. आपले पंधरा लाख."

"गाय धरून?"

"नाही. नुसता कोटा."

आबांनी एकदा गाईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बादली उचलून माझ्या हातात दिली. केंद्राची गाडी यायची वेळ झाली होती.