कायदा उंबऱ्याशी थांबतो

नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईच्या वेशीवरील कुंद्रत्तूर येथे एका कुटुंबाने घरातील उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांना बोलावले. त्यांनी घरात ठिकठिकाणी विष ठेवले. रात्री कुटुंब वातानुकूलित खोलीत दारे-खिडक्या लावून झोपले. सकाळपर्यंत चौघांचीही प्रकृती बिघडली होती. आईवडील रुग्णालयात दाखल झाले, दोन लहान मुले मात्र वाचू शकली नाहीत. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अटक झाली, चारदोन दिवस बातम्या आल्या आणि विषय मागे पडला. एका कंपनीचा निष्काळजीपणा म्हणून या घटनेची बोळवण करणे सोपे आहे. पण घरात शिरलेल्या उंदराचा प्रश्न आपण कोणाच्या हवाली केला आहे आणि त्याच्या हातात काय दिले आहे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे आणि तो धोरणाचा आहे.

उंदरांच्या विषाला आपल्याकडे कीटकनाशकांचाच कायदा लागू होतो. 1968च्या या कायद्याचा उगमही एका विषबाधेत आहे. 1958च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात अन्नातून विषबाधा होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक वाहतुकीत खाद्यपदार्थांच्या संपर्कात आले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने चौकशी केली. आणीबाणीच्या चौकशीमुळे पुढे घराघरांत नाव झालेले शहा ते हेच. त्यानंतर दहा वर्षांनी कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि वापर यांचे नियमन करून माणसांना व जनावरांना होणारा धोका टाळणे, हा त्याचा घोषित हेतू.

या कायद्याचे कलम 38 मात्र फारसे कोणी वाचत नाही. एखादी व्यक्ती स्वतःच्या घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कीटकनाशक वापरत असेल, तर तिला हा कायदा लागू होत नाही, असे ते सांगते. शेतकऱ्याला आणि गृहिणीला इन्स्पेक्टरच्या जाचापासून वाचवण्याची दृष्टी त्यामागे असावी आणि ती अवाजवी नाही. प्रत्येक स्वयंपाकघरात सरकारी निरीक्षक शिरावा, असे मलाही वाटत नाही. पण घरातील वापराला कायदा हात लावणार नसेल, तर घरात पोहोचणारी वस्तू तरी निवडून, पारखून पोहोचायला हवी. नेमके तेच घडत नाही.

कोणत्याही शहरातील किराणा दुकानात जाऊन पाहा. मी दिल्ली, पाटणा, चेन्नई अशा निरनिराळ्या ठिकाणी पाहिले आहे. मच्छरांच्या कॉइल आणि टूथपेस्ट यांच्या मधल्या फळीवर उंदरांचे विष असते, आणि ते मागताना कोणी विष मागत नाही. मराठीत ते ‘उंदीर मारायचे औषध’ आहे, हिंदीत ‘चूहे मारने की दवा’, तमिळमध्ये ‘एलि मरुंदु’, तेलुगूतही ‘मंदु’ म्हणजे औषधच. भाषेचा हा सार्वत्रिक भोळेपणा दुकानदाराच्याही अंगवळणी पडला आहे. तो ना काही विचारतो, ना काही सांगतो.

दक्षिणेत या फळीवर वर्षानुवर्षे एक पेस्ट विकली गेली. तिच्यात तीन टक्के पिवळा फॉस्फरस असतो. पिवळा फॉस्फरस म्हणजे अशुद्ध स्वरूपातील पांढरा फॉस्फरसच. या मूलद्रव्याशी आपल्या कायद्याची ओळख फार जुनी आहे. आगपेट्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसमुळे कामगारांच्या जबड्याची हाडे सडत, म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानात 1913 मध्येच अशा आगकाड्यांवर बंदी घालणारा कायदा झाला. काडीच्या टोकाला जो पदार्थ नको म्हणून शंभर वर्षांपूर्वी ठरले, तोच ट्यूबमध्ये भरून घरोघर गेला. तमिळनाडू आणि केरळमधील यकृततज्ज्ञ याविषयी अनेक वर्षे बोलत आहेत. ही पेस्ट पोटात गेली की सुरुवातीला उलट्या होतात, मग एकदोन दिवस माणूस बरा वाटतो आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. खात्रीचा उतारा उपलब्ध नाही. या फसव्या मधल्या काळामुळे कित्येकांना रुग्णालयात उशिरा आणले जाते. म्हणून पेस्ट पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी रुग्ण ठीक दिसतो आहे की नाही याची वाट न पाहता त्याला तातडीने रुग्णालयात नेले पाहिजे.

सगळ्याच घटना हेतुपूर्वक घडलेल्या नसतात. टूथपेस्ट समजून या पेस्टने दात घासल्याच्या घटना केरळ-कर्नाटकातून समोर आल्या आहेत. मुंबईत मालाडमध्ये 2022 साली उंदरांसाठी विष लावून ठेवलेला टोमॅटो चुकून नूडल्समध्ये पडला आणि एका तरुणीचा जीव गेला. पण हेतुपूर्वक घडणाऱ्या घटनांकडेही डोळेझाक करता येणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1 लाख 70 हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांतील सुमारे चौथा हिस्सा विषप्राशनाचा होता. यांतील पुष्कळसे निर्णय क्षणिक उद्वेगाचे असतात. तो क्षण निभावला तर बहुतेक माणसे जगतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली आणि 1990च्या दशकाच्या मध्यापासून पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटले. तिथल्या माणसांची दुःखे काही त्या प्रमाणात घटली नव्हती. हाताशी काय आहे, एवढाच फरक पडला होता.

तमिळनाडू सरकारने या पेस्टवर राज्यात बंदी घातली, ते योग्यच झाले. परंतु 1968च्या कायद्यातील कलम 27 पाहिले की राज्यांचे हात किती आखूड आहेत ते कळते. धोकादायक वाटणाऱ्या कीटकनाशकाची विक्री राज्य सरकार चौकशी होईपर्यंत 60 दिवस थांबवू शकते आणि चौकशी अपुरी राहिली तर आणखी 30 दिवस. नोंदणी रद्द करण्याचा अधिकार केंद्राचा. आरोग्य हा राज्यांचा विषय, रुग्ण राज्यांच्या रुग्णालयांत येणार, पण ज्या मालामुळे ते येतात तो कायमचा रोखण्याचा अधिकार दिल्लीत. शिवाय एका राज्यातील बंदी सीमेवर संपते आणि किराणा माल सीमा ओळखत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. चाळीत, झोपडपट्टीत, जुन्या वाड्यांत राहणाऱ्या माणसाने उंदरांचे करायचे काय? ते महिन्याचे धान्य नासतात, विजेच्या तारा कुरतडतात, झोपलेल्या मुलांना चावतात. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. मल्याळममध्ये या रोगाचे नावच ‘एलिप्पनि’, म्हणजे उंदरांचा ताप. 2018च्या महापुरानंतर केरळ सरकारला पाण्यात उतरणाऱ्या लोकांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटाव्या लागल्या. तेव्हा उंदीर सहन करा, असे सांगण्याचा अधिकार चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या धोरणकर्त्यांना नाही.

पण जहाल विष हा उंदीर कमी करण्याचा चांगला मार्गही नाही. उंदीर नव्या वस्तूकडे संशयाने पाहतो आणि नवे अन्न आधी थोडेसे चाखतो. झटपट परिणाम करणाऱ्या विषाने तो मेला नाही, तर ती चव तो पुन्हा तोंडी लावत नाही. म्हणूनच झिंक फॉस्फाइड वापरण्यापूर्वी काही दिवस बिनविषारी आमिष ठेवावे, असे शेतकऱ्यांना शिकवले जाते. घरात कोण एवढा धीर धरतो? रक्त गोठू न देणाऱ्या ब्रोमॅडिओलोनसारख्या विषांचा परिणाम काही दिवसांनी होतो, त्यामुळे उंदराला संशय येत नाही. माणसाच्या पोटात ते गेलेच, तर व्हिटॅमिन के हा उतारा उपलब्ध असतो. म्हणजे विषच वापरायचे, तर त्यातल्या त्यात क्षमाशील विष अस्तित्वात आहे. ते बंद डबीत, मुलांच्या आणि मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवायला हवे. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर त्यांनाही बाधा होते.

याहून महत्त्वाचे म्हणजे अन्न आणि वाट बंद करणे. उंदराच्या मादीला तीन आठवड्यांत पिल्ले होतात आणि दोनतीन महिन्यांत ती पिल्लेही विण्याजोगी होतात. खायला आहे तोवर मारलेल्यांची जागा भरून निघतेच. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून घरातला छोटा उंदीर आत येतो. तेव्हा भिंतीतील पाइपांभोवतीची भोके तारेची घासणी कोंबून सिमेंटने बुजवणे, मोरीला जाळी, धान्याला पत्र्याचे डबे, रात्री खरकटे झाकलेले, आणि भिंतीच्या कडेने लावलेले पिंजरे किंवा चापाचे सापळे, हे सारे कंटाळवाणे असले तरी उपयोगी पडते. चिकट पुठ्ठा मात्र वापरू नये. त्यावर अडकलेला प्राणी तासन्‌तास तडफडतो आणि पाली, चिमण्याही अडकतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना त्याविरुद्ध पावले उचलण्यास सांगितले, अनेक राज्यांनी परिपत्रके काढली, तरी पुठ्ठा विकला जातोच आहे. जाता जाता चिचुंद्रीसाठीही एक शब्द. ती उंदीर नव्हे, कुळाने वेगळी आहे आणि झुरळे खाते. तिला बिनकामाचे मारले जाते.

परंतु गटार गृहिणीला दुरुस्त करता येत नाही आणि कोपऱ्यावरचा उकिरडा भाडेकरूला हलवता येत नाही. येथून पुढे जबाबदारी नगरपालिकेची आहे. 1994च्या प्लेगने सुरत शहर हादरले आणि लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेले मराठी कामगारही होते. 1995 मध्ये आयुक्त झालेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना सकाळी कार्यालयाऐवजी रस्त्यांवर पाठवले, कचरा रोज उचलला जाईल हे पाहिले, रात्रीची झाडलोट सुरू केली, अस्वच्छ उपाहारगृहांना दंड केले. दोनेक वर्षांत शहर ओळखू येईना. घरोघर विष न वाटता हे झाले. त्याच्या उलट मुंबई महापालिकेची रीत पाहा. तेथे रात्री उंदीर मारणाऱ्या कामगाराला किमान 30 उंदरांचा हिशेब द्यावा लागतो. काम अंधारातले, किळसवाणे आणि मोलाचे आहे, त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण मोजले जातात ते मेलेले उंदीर. वस्तीत उरले किती, हे मोजण्याची सोय त्या हिशेबात नाही.

आणि स्वच्छतेचा पुरस्कार म्हणजे उंदरांपासून मुक्ती नव्हे, हे इंदूरने दाखवले. सलग आठ वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात 2025च्या ऑगस्टअखेरीस अतिदक्षता विभागातील दोन नवजात बालिकांना उंदीर चावले आणि दोघी दगावल्या. मृत्यूचे कारण चावा नव्हे, असे रुग्णालयाने म्हटले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेथील कीडनियंत्रण खासगी संस्थेला कंत्राटाने दिलेले होते. दंड झाला, काही जणांवर कारवाई झाली. आपल्या शासनयंत्रणेला उंदीर एरवी आठवतो तो आरोपी म्हणून. 2022 मध्ये मथुरेच्या पोलिसांनी जप्त केलेला 500 किलोहून अधिक गांजा उंदरांनी खाल्ल्याचे न्यायालयाला सांगितले होते, आणि 2017 मध्ये बिहारात जप्त दारूचाही ठपका उंदरांवरच आला होता.

हा विषय कोणाच्याच टेबलावर नीट बसत नाही. विषाची नोंदणी कृषी मंत्रालयाकडे, रोग आरोग्य मंत्रालयाकडे, क्रूरतेचा प्रश्न पशुसंवर्धन मंत्रालयाकडे आणि कचरा पालिकेकडे. उंदरांविषयीचे आपले बरेचसे शास्त्रीय संशोधन शेतीसाठी, जोधपूरच्या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली झाले. घरातील उंदराला त्यात दुय्यम स्थान मिळाले. कीटकनाशक कायदा बदलण्यासाठी 2008 आणि 2020 मध्ये विधेयके संसदेत आली, पण 1968च्या कायद्याची जागा त्यांना घेता आली नाही. पुन्हा विधेयक येईल तेव्हा चर्चा पिकांभोवतीच फिरेल, अशी मला भीती वाटते. त्यात घरगुती वापराच्या विषांसाठी वेगळे प्रकरण असावे. उतारा नसलेली द्रव्ये किराणा दुकानातून देशभर हद्दपार व्हावीत, अन्नासारखी किंवा टूथपेस्टसारखी दिसणारी वेष्टने बंद व्हावीत, राज्यांना कायमच्या बंदीचा अधिकार मिळावा. वस्तीत विषारी वायू सोडणारी द्रव्ये वापरणाऱ्यांसाठीही नियम कागदाबाहेर यावेत. अॅल्युमिनियम फॉस्फाइडचा वापर मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावा, असा नियम आजही आहे. घरी आलेल्या माणसाकडे ती मान्यता आहे का, हे ग्राहकाने कोठे पाहायचे, ते मात्र कोणी सांगत नाही. नावानिशी शोधता येईल अशी परवानाधारकांची यादी प्रत्येक जिल्ह्याने प्रसिद्ध करायला नवा कायदाही लागणार नाही.